कॉलर माईकचा आवाज दुसऱ्या अंकातच का तुटतो? रिसीव्हरचे अँटेना नेमके लावायचे कुठे?

मिक्सरमागचा | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. कराडच्या अलीकडे माझा लहानसा साउंडचा धंदा आहे. लग्नं, गणपती, शाळांची गॅदरिंगं आणि वर्षाकाठी पाच-सहा नाटकं. यंदा गावच्या नाट्यमंडळाने ऐतिहासिक नाटक बसवलंय, म्हणून धाडस करून वायरलेसचे आठ चॅनेल घेतले. सहा कॉलर माईक, दोन हातातले. प्रत्येकाला वेगळा रिसीव्हर आणि प्रत्येक रिसीव्हरच्या पाठीला अँटेनाच्या दोन काड्या.

रंगीत तालमीला एकही माईक हलला नाही. मी खूश. प्रयोगाला पडदा उघडून पंधरा मिनिटं होतायत तोवर पहिला कट. दुसऱ्या अंकात तर कहर झाला. सरदाराचं काम करणारे आमचे गुरुजी "याद राखा" एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य फक्त पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. मग फर्रकन आवाज होऊन माईक परत जागा झाला. लोक हसले. प्रयोगानंतर गुरुजी माझ्याशी बोलले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही.

ज्यांच्याकडून सेट घेतला ते म्हणाले, सिग्नल कमी पडतोय, बूस्टर लावा. साडेचार हजारांना जोडी घेतली आणि ज्या दोन रिसीव्हरना जास्त त्रास होता त्यांना जोडली. आता त्या दोघांच्या सिग्नलच्या काड्या कायम फुल्ल, पण खरखर आधीपेक्षा जास्त. आणि खरी गंमत ही की माईक बंद असला तरी काड्या दिसतात!

पुढचा प्रयोग तीन आठवड्यांनी आहे, हॉल तोच. सेट बदलू का? की अँटेना मोठे घेऊ?


डीजे_पप्या | शनिवार, रात्री ११.५२

गुरुजींना सांग, शिवकाळात माईक नव्हते. लै मोठ्यानं बोलायची तवा माणसं.


विंगेतला_नाना | रविवार, सकाळी ७.१०

पप्या, गप.

मिक्सरमागचा, अजून एक रुपयाही खर्च करू नकोस. आधी एवढं सांग. रॅक कुठे ठेवला होतास, जमिनीपासून किती उंच? त्याचं दार उघडं होतं की बंद? स्टेजवर एलईडी वॉल होती का, आणि तालमीला होती का? आठ फ्रीक्वेन्सी कुणी निवडल्या, कशा? तालमीला हॉलमध्ये माणसं किती होती?


मिक्सरमागचा | रविवार, सकाळी ९.२५

नाना, एकेक सांगतो.

रॅक पत्र्याचा, चाकांचा. मिक्सरच्या टेबलाखाली सरकवला होता, वर पसारा दिसू नये म्हणून. कुणी हात घालू नये म्हणून मागचं दार बंद. सोळा अँटेना मागेच, एकमेकांत गुंतलेले. टेबल हॉलच्या शेवटी, स्टेजपासून पावलांनी मोजलं तर २६ मीटर. एलईडी वॉल होती, १२ बाय ८ फूट, मागे किल्ला दाखवायला. ती प्रयोगाच्या दिवशी सकाळी आली, तालमीला नव्हती. फ्रीक्वेन्सी मीच लावल्या, लक्षात राहाव्यात म्हणून ओळीने ५७४, ५७५, ५७६ करत ५८१ मेगाहर्ट्झपर्यंत. तालमीला आम्ही पंधरा जण आणि एक कुत्रं. प्रयोगाला सहाशेच्या वर लोक, मागे उभे होते ते वेगळेच.


विंगेतला_नाना | रविवार, सकाळी ९.४०

म्हणजे तू पत्र्याच्या पेटीत कान घालून, टेबलाखाली बसून, सहाशे माणसांच्या पोटांतून गुरुजींना ऐकत होतास. तरी पहिला अंक निभावला, सेट चांगला आहे म्हणायचा.


आरएफ_मास्तर | रविवार, दुपारी १२.०५

नानांनी रोग ओळखला आहे. मी फक्त त्यामागचं शास्त्र मांडतो. पॉलिटेक्निकला शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

एक. माणूस म्हणजे बहुतांशी खारट पाणी. यूएचएफच्या, म्हणजे आपल्या माईकच्या पट्ट्यातल्या, लहरी त्यात जिरतात. रिकाम्या हॉलमध्ये लहरी खुर्च्यांवरून सरळ येतात, शिवाय भिंतींवर आपटूनही येतात. हॉल भरला की टेबलाखालच्या अँटेनासाठी मधे माणसांची भिंत उभी राहते. तालमीला चांगलं आणि प्रयोगाला वाईट, हे लक्षण नव्वद टक्के वेळा इथलंच. अँटेनाला माईक "दिसला" पाहिजे, म्हणजे अँटेना बसलेल्या आणि उभ्या डोक्यांच्याही वर हवा. आठ-नऊ फूट उंची पुरते.

दोन. अंतर. मधे अडथळा नाही असं धरलं तर अंतर निम्मं केल्यावर पोचणारी ताकद चौपट होते, डीबीमध्ये, म्हणजे डेसिबल या मापात, ६ डीबी. तुझे २६ मीटर दोनदा निम्मे केले की साडेसहा मीटर. म्हणजे १२ डीबी, सोळापट. हे फुकट मिळतं. कुठलाही बूस्टर हे देत नाही, कारण तो सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच मोठा करतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. माईक बंद असताना दिसणाऱ्या त्या काड्या हाच तो गोंगाट. बूस्टरचं खरं काम एकच, लांब केबलमध्ये जेवढं गळतं तेवढं भरून काढणं. आणि तोही अँटेनाच्या तोंडाशी लावायचा, रिसीव्हरच्या तोंडाशी नाही. गळून गेल्यावर भरायचं काय?

तीन. वेव्हलेंथ. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. तुझ्या ५७५ ला ५२ सेंटिमीटर. रिसीव्हरला दोन अँटेना असतात ते शोभेसाठी नाहीत. थेट आलेली लहर आणि पत्र्यावरून आपटून आलेली लहर एकमेकींना मारतात, तिथे खड्डा पडतो. म्हणून तर नटाचा आवाज एका पावलावर तुटतो आणि पुढच्या पावलावर परत येतो. एक अँटेना खड्ड्यात असला तरी दुसरा बाहेर असावा, ही डायव्हर्सिटीची सगळी कल्पना. त्यासाठी दोघांत किमान पाव वेव्हलेंथ अंतर हवं, इथे १३ सेंटिमीटर. एक मीटर किंवा जास्त मिळालं तर फारच छान. सोळा काड्या गुंतवून ठेवल्यास त्याला डायव्हर्सिटी नाही, जुडी म्हणतात.

चार. ओळीने लावलेल्या फ्रीक्वेन्सी. ही चूक माझे विद्यार्थीही करतात, कारण दिसायला नीटनेटकी असते. ५७४ आणि ५७५ चे दोन माईक जवळ आले की त्यांच्यातून नवीन भुतं जन्मतात. ५७५ ची दुप्पट वजा ५७४, किती झाले? ५७६. तुझा तिसरा माईक नेमका तिथेच बसलाय. सारख्या अंतरावर लावलेल्या आठांमध्ये अशी भुतं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसणारच. कंपनीने सेटमध्ये ग्रूप आणि चॅनेल, म्हणजे एकमेकांत न भांडणाऱ्या फ्रीक्वेन्सींचे तयार संच, दिलेले असतात, ते मुद्दाम वेडेवाकडे असतात. सगळे माईक एकाच ग्रूपमधले घे, आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. रॅकवर पट्टी चिकटव.


डीजे_पप्या | रविवार, दुपारी १२.२०

मास्तर, "जुडी" वर मी मेलो.


सौदामिनी | रविवार, दुपारी ३.३०

मी पुण्यात नाटकांचं साउंड करते, दौरेही असतात. मास्तरांचं सगळं मान्य. पण याच्याकडे तीन आठवडे आहेत आणि बजेट बूस्टरमध्ये गेलंय, म्हणून क्रमाने सांगते. आधी फुकटचं.

मिक्सर मागेच राहू दे, रॅक उचलून विंगेत ने. रिसीव्हरमधून निघतो तो आवाज, तो मल्टिकोरमधून, म्हणजे अनेक लाइनींच्या जाड केबलमधून, २६ मीटर काय, ५० मीटरही आरामात येतो. रेडिओ सिग्नलला लांब ओढायचं नाही, आवाजाला ओढायचं. तुझ्याकडे स्टेजवरून मिक्सरपर्यंत मल्टिकोर असणारच, त्यातल्या आठ लाइनी वापर. रॅकची दोन्ही दारं काढून ठेव. रॅक मोठ्या पेटीवर चढव, छातीच्या वर आला पाहिजे. अँटेनाच्या काड्या इंग्रजी व्ही सारख्या, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत झुकव. सगळ्या सरळ उभ्या ठेवल्यास तर कॉलर माईकच्या कमरेवरच्या पेटीची अँटेनाची वायर नटाच्या अंगावर आडवी झाली की पकड जाते.

तोटा एकच, सिग्नलच्या काड्या तुझ्या डोळ्यांसमोर राहत नाहीत. विंगेत एक माणूस बसव. मी तर म्हणते तो माणूस असायलाच हवा, बॅटरी बदलायला आणि नट शौचालयात जाताना माईक बंद करायला.

एवढ्याने भागलं नाही तरच पुढचा खर्च. दोन पॅडल अँटेना, म्हणजे शार्कच्या पाठीवरच्या परासारखे दिसतात ते एलपीडीए, एकाच दिशेला जास्त ऐकणारे, आणि त्यांचा सिग्नल सगळ्या रिसीव्हरना वाटणारा एक डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे सोळा काड्यांच्या जागी फक्त दोन अँटेना. विकत घेऊ नकोस. कोल्हापूर-सांगलीकडे कुणीतरी भाड्याने देईल.


मिक्सरमागचा | रविवार, दुपारी ४.०२

ताई, डिस्ट्रिब्यूटरऐवजी केबल टीव्हीचा स्प्लिटर चालेल का? घरी आठवाला पडून आहे.


आरएफ_मास्तर | रविवार, दुपारी ४.४५

चालतो आणि चालत नाही. केबल टीव्हीचा ५ ते १००० मेगाहर्ट्झवाला स्प्लिटर या पट्ट्यात काम करतो, पण दोन फाट्यांचा साडेतीन डीबी खातो, चार फाट्यांचा सात, आठवाला अकराच्या आसपास. अकरा डीबी म्हणजे हातात बारावा हिस्सा. डिशचा स्प्लिटर तर आणूच नका, तो ९५० च्या वर चालतो, आपण त्याच्या खूप खाली.

दुसरं, जोडण्याआधी रिसीव्हरच्या बीएनसीवर, म्हणजे अँटेना लावायच्या कनेक्टरवर, मल्टिमीटर लाव. काही रिसीव्हर अँटेनाच्या तोंडातून १२ व्होल्ट सोडतात, बूस्टरला वीज मिळावी म्हणून. स्प्लिटरच्या आतल्या गुंडाळीतून ते थेट शॉर्ट होऊ शकतं.

आणि एक पाप कधीही करू नका. ए आणि बी असे दोन अँटेना एका स्प्लिटरने उलटे जोडून एकच वायर खाली आणायची नाही. दोन कान बांधून एक केले तर डायव्हर्सिटी संपली, उलट खड्डे वाढतात.


विंगेतला_नाना | रविवार, संध्याकाळी ६.१५

अँटेनाच्या केबलचं मी सांगतो, कारण त्यात मी पैसे घालवलेत. काळी बारीक आरजी-५८ सगळीकडे मिळते आणि वळवायला मऊ. पण या फ्रीक्वेन्सीला १० मीटरला साडेतीन डीबीच्या आसपास गिळते. ३० मीटर टाकलीस तर दहावा हिस्सा पोचतो. पॅडल अँटेना पुढच्या दिशेने सहा-एक डीबी मिळवून देतो, म्हणजे १५-१६ मीटरनंतर पॅडलची कमाई केबलच्या पोटात. जाड आरजी-२१३ त्याच्या निम्मंच खाते, पण वेटोळं उचलताना पाठ जाते.

आणि मास्तर रागावतील, पण डिशवाल्यांची पांढरी आरजी-६ मी कित्येक दौऱ्यांत वापरली. ७५ ओहमची आहे, आपलं सगळं ५० ओहमचं. तरी चालली.


आरएफ_मास्तर | रविवार, संध्याकाळी ६.४०

नाना, रागावत नाही. ५० आणि ७५ च्या न जुळण्याने ०.२ डीबीसुद्धा जात नाही, आणि आरजी-६ ची स्वतःची गळती आरजी-५८ च्या निम्मी आहे. हिशेबात तुम्ही जिंकलात. अडचण कनेक्टरची, एफ ते बीएनसी कन्व्हर्टर ढिले असतात. शिवाय स्वस्त आरजी-६ ची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद असते. लहर वरच्या थरातून जाते म्हणून तिला फरक पडत नाही, पण तिच्यातून बूस्टरला वीज पाठवायची असेल तर व्होल्टेज पडतं.


टाळमृदंग | सोमवार, सकाळी ८.००

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे सप्ताहाचं कीर्तन पत्र्याच्या शेडमध्ये असतं. बुवांना एकच कॉलर माईक, रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर. बुवा अभंगावर डुलायला लागले की प्रत्येक डुलण्याला खर्र, खर्र. मृदंगवाले म्हणतात तुमचाच ताल बरा आहे.


सौदामिनी | सोमवार, सकाळी ८.३०

माऊली, पत्र्याच्या शेडमध्ये मास्तरांचे ते खड्डे हातभर अंतरावर असतात. आधी रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरवरून उतरवा, तिथे पॉवर सप्लायचा गोंगाट असतो आणि बहुतेक कुणीतरी आपला मोबाईलही तिथेच ठेवत असणार. लाकडी स्टुलावर ठेवा, बुवांपासून तीन-चार मीटरवर. मग बुवांना डुलायला सांगून स्टूल एकेक फूट सरकवून बघा. कमरेच्या पेटीची अँटेनाची वायर बुवा गुंडाळून खिशात कोंबतात का तेही बघा. ती सरळ लोंबती हवी आणि घामट कातडीला चिकटलेली नको. धोतर-उपरण्याच्या मधे ठेवा.


टाळमृदंग | सोमवार, रात्री १०.१५

वायर गुंडाळून वर रबर लावलं होतं! आणि मोबाईल तिथेच होता, माझाच. आज कीर्तन निर्विघ्न. रामकृष्णहरी.


पनवेलचा_पोपट | मंगळवार, दुपारी १.२०

माझा प्रश्न वेगळा. जुना चारचा सेट, ७६० ते ७९० मेगाहर्ट्झवाला. पाच-सहा वर्षं तक्रार नव्हती. आता काही हॉलमध्ये लावला की चारही चॅनेलवर माईक बंद असताना काड्या फुल्ल. अँटेना बदलून फरक पडेल?


आरएफ_मास्तर | मंगळवार, दुपारी २.१०

नाही पडणार. ७०० चा पट्टा आता मोबाईलचा आहे. फोन ७०३ ते ७४८ मध्ये बोलतात आणि टॉवर ७५८ ते ८०३ मध्ये. २०२२ च्या लिलावात जिओने देशभरासाठी या पट्ट्यातला भाग घेतला आणि त्यावर ५जी चालू केलं. टॉवरचा आवाज आणि तुझ्या माईकचे दहा मिलिवॉट, तुलनाच नको. हॉलशेजारी टॉवर असला तर अँटेना जितका चांगला तितका टॉवर चांगला ऐकू येईल. सेट विकतानाही घेणाऱ्याला खरं सांग.


जर्सीकर | मंगळवार, रात्री ९.५०

इकडे न्यू जर्सीत आम्हाला हा फटका दोनदा बसला. ७०० चा पट्टा २०१० मध्ये गेला, मग ६०० चा बहुतेक भाग १३ जुलै २०२० नंतर वापरायला बंदी आली. आमच्या मंडळाच्या गोदामात त्या काळातले सहा सेट पडून आहेत. इकडून कुणी नातेवाईक "अमेरिकेतला ओरिजिनल, स्वस्तात" म्हणून माईक आणत असेल तर आधी मागच्या स्टिकरवर पट्टा वाचा. स्वस्त का झाला ते तिथेच कळतं.


मिक्सरमागचा | गुरुवार, रात्री ११.५५

काल रात्री हॉल मिळाला. एलईडीवाल्यालाही बोलावलं होतं, त्याच्या पाया पडून. सविस्तर लिहितो.

आधी मास्तरांच्या हिशेबाने सगळे माईक बंद, बूस्टर काढलेले, वॉल बंद. रिसीव्हरवर शून्य काडी. वॉल चालू केली. आठांपैकी पाचांवर तीन-तीन काड्या! माईक एकही चालू नाही आणि रिसीव्हर म्हणतायत सिग्नल आहे. म्हणजे गोंगाट वॉलचाच. त्या किल्ल्याकडे बघून हसावं की रडावं कळेना.

सांगलीच्या एका ओळखीच्याकडून दोन पॅडल आणि डिस्ट्रिब्यूटर भाड्याने आणला होता. रॅक डाव्या विंगेत, पॅडल स्टँडवर, नऊ फूट. लावले आणि काड्या आणखी वाढल्या. मी म्हटलं गेले पैसे. मेव्हणा विंगेत बसला होता, तो म्हणाला, "दाजी, हा त्रिकोण कुठल्या बाजूनं ऐकतो?" मी रुंद बाजू स्टेजकडे केली होती, कारण मोठं तोंड म्हणजे मोठा कान असं वाटलं.


विंगेतला_नाना | शुक्रवार, सकाळी ६.५०

टोकदार बाजू नटाकडे. पहिल्यांदा सगळेच उलटा लावतात. मी अख्खा एक दौरा उलटा केला आहे, कुणाला सांगू नका.


मिक्सरमागचा | शुक्रवार, सकाळी ९.१५

हो नाना, मेव्हण्याने मोबाईलवर चित्र शोधून दाखवलं. मग टोक स्टेजकडे करून, माईक बंद ठेवून, पॅडल हळूहळू फिरवत गेलो आणि मेव्हणा काड्या मोठ्याने वाचत होता. "तीन... तीन... दोन... एक... एक... दोन." एक आली तिथे खिळा मारल्यासारखा घट्ट केला. आता पॅडल आडवं स्टेज बघतात आणि पाठीचा कोपरा वॉलकडे आहे. नंतर माईक चालू करून मी पूर्ण स्टेज फिरलो, "एक, दोन, तीन" ओरडत. कुठेही दोन काड्यांखाली नाही. बसलो, वाकलो, वॉलला पाठ टेकवली, तरी नाही.

फ्रीक्वेन्सी ग्रूपमधून घेतल्या. आकडे इतके वेडेवाकडे आहेत की पट्टी चिकटवावीच लागली.

एक प्रश्न राहिला. दोन्ही पॅडल डाव्या विंगेत आहेत, मधे दीड मीटर. की एक डावीकडे, एक उजवीकडे लावू?


सौदामिनी | शुक्रवार, सकाळी १०.००

एकेका बाजूला लाव. नट डावीकडे पाठ करून उभा राहिला की त्याच्या शरीराची सावली दोन्ही पॅडलवर पडते. उजवीकडचा त्याला समोरून बघेल.


विंगेतला_नाना | शुक्रवार, सकाळी १०.२०

मी नाही लावणार. उजव्या विंगेतून केबल आणायची म्हणजे वर पडदे टांगायच्या फ्लायवरून किंवा सायक्लोरामामागून, म्हणजे स्टेजच्या मागच्या पडद्यामागून, २० मीटर. दोन बाजूंना दोन वेगळी गळती. आणि सावलीत असला की एकाच कानावर उभा असतो, तेव्हा खड्डा आला तर वाचवायला दुसरा कुठे आहे?


सौदामिनी | शुक्रवार, सकाळी १०.३५

नाना, खड्डा क्षणाचा असतो, सावली अख्ख्या प्रवेशाची. जाड केबल टाकली तर २० मीटरचं फार वाटत नाही.


विंगेतला_नाना | शुक्रवार, सकाळी १०.५०

तुझं नाटक घरातलं, चार पात्रांचं. याच्याकडे दरबार आहे, दहा-बारा मावळे मधे उभे. असो. मिक्सरमागचा, दोन्ही करून बघ, आणि तुझ्या हॉलमध्ये मेव्हणा ज्याला जास्त काड्या वाचेल ते खरं.


आरएफ_मास्तर | शुक्रवार, दुपारी १२.३०

या वादात मी पडत नाही, वर्गातही पडत नाही. फक्त एक, पॅडल कुठेही असो, नट त्याच्यापासून तीन मीटरच्या आत रेंगाळू नयेत. विंगेत एन्ट्रीची वाट बघत पाच जण माईक चालू ठेवून पॅडलला चिकटून उभे राहिले तर तीच भुतं परत येतील.


मिक्सरमागचा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १.३०

प्रयोग झाला. हाउसफुल्ल. आत्ताच सामान उतरवून बसलोय.

शेवटी दोन्ही पॅडल डावीकडेच ठेवले. ताई, सॉरी. उजवीकडे करून बघितलं होतं, काड्यांत फरक दिसला नाही आणि केबल पायात येत होती. सात माईक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाण्यासारखे. पण गुरुजींचा परत दुसऱ्या अंकात गेला! पहिल्या अंकात उत्तम, दुसऱ्यात तेच "याद राखा" आणि खर्र. माझ्या पोटात गोळा.

मध्यंतरात विंगेत धावलो. मेव्हणा म्हणतो, पहिल्या अंकात पाच काड्या होत्या, दुसऱ्यात एक. माईक बदलला, बॅटरी बदलली, काडी एकच. गुरुजी समोर उभे, घामाने डबडबलेले, मी त्यांची कंबर चाचपतोय आणि हाताला लागलं काय, तर पत्रा. चिलखत! दुसऱ्या अंकात ते चिलखत घालतात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, चांदीचा रंग मारून, पुढून-मागून बांधलेला. पेटी त्याच्या आत. आम्ही रॅकचा पत्रा काढला आणि गुरुजींना पत्र्यात घातलं. रंगीत तालमीला ते पेंटरकडून आलंच नव्हतं, म्हणून तेव्हा चाललं.

पेटी काढून मांडीच्या मागे, चिलखताच्या खाली, क्रेप बँडेजने बांधली. वायर खाली सोडली. काड्या पाच. तिसऱ्या अंकात गुरुजींच्या मरणाला टाळ्या पडल्या आणि शेवटचा श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.


आरएफ_मास्तर | रविवार, सकाळी ७.४५

तेलाचा डबा! पुढच्या वर्षी शिल्डिंगच्या तासाला हेच उदाहरण देणार. परवानगी असावी.


सौदामिनी | रविवार, सकाळी ९.१०

सॉरी कशाला, काड्यांनी ठरवलं ना. पण आता रंगीत तालीम म्हणजे पूर्ण कपड्यांत, वॉल लावून, असं मंडळाकडून लिहून घे. गुरुजी बोलले का?


मिक्सरमागचा | रविवार, सकाळी ११.००

बोलले. चहा घेतला आणि म्हणाले, "मेल्यावर तरी ऐकू आलो."

एक राहिलं सांगायचं. शेवटच्या अंकात मेव्हण्याने बी अँटेनाचा दिवा मेलेला बघितला. वर बघतो तर कुणीतरी स्टँडची काठी थोडी खाली ओढून पॅडलच्या टोकाला जरीची पगडी अडकवून ठेवली होती. खुंटी वाटली म्हणे.


विंगेतला_नाना | रविवार, सकाळी ११.२०

आमच्याकडे एकदा त्यावर ओला टॉवेल होता. स्टँड नऊ फुटांवर लॉक करून त्याच्या नट-बोल्टला सुतळी बांध, आणि शेजारी खरी खुंटी ठोक.


डीजे_पप्या | रविवार, सकाळी ११.३१

ते बूस्टर विकायचे का? मला टीव्हीला लावून बघायचेत. दीड हजार देतो.